स्वातीचं स्थळ आणि समुद्रकाठचं शिळं पॅटिस

जालन्याहून समुद्र बघायला गेलेली माणसं परत आल्यावर काय सांगतात ते मला पाठ आहे. लाटा, वाळू, मासे आणि घाम फार येतो. मीही ते सांगणार आहे, पण थोडंच. कारण आम्ही समुद्र बघायला गेलोच नव्हतो. आम्ही एक बेकरी बघायला गेलो होतो, आणि त्या बेकरीतला मुलगा. गावाचं नाव सांगत नाही. का सांगत नाही, ते पुढे कळेलच.

निघण्याआधी

स्वाती ही माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. अक्का कुंभार पिंपळगावला असते, शेती बघते. स्वाती लहान असतानाच तिचे वडील गेले. तेव्हा शाळेसाठी मी तिला नवीन जालन्याला आमच्याकडे आणलं, आणि कॉलेजला जाईपर्यंत ती आमच्याच घरात वाढली. पोर गुणी, पण तिला एक खोड होती. कशालाही ती आधी 'नको' म्हणायची. भाकरी वाढू? नको. दिवाळीला ड्रेस घेऊ? नको. सहलीला जातेस? नको. पोटात कावळे ओरडत असले तरी नको. मी तिचं कधी ऐकलं नाही. ती नको म्हणायची, मी वाढायची आणि ती मुकाट्यानं खायची. असं आमचं वर्षानुवर्षं चाललं.

पुढे ती शेतीचं शिकायला कोकणात गेली आणि तिकडेच एका रोपवाटिकेत नोकरीला लागली. यंदा सुट्टीत आली आणि अक्काला म्हणाली, "तिथं एकजण आहे. बेकरी आहे त्यांची. तुम्हाला पटत असंल तर बघा. न्हाई तर राहू द्या." लग्नासारखी गोष्ट, तीही पोरीनं अशी मांडली.

घरात व्हायची ती आदळआपट झाली. आपल्यातला नाही, आपल्या भागातला नाही, वर बेकरीवाला. महिनाभर बोलाचाली, रुसवेफुगवे झाले आणि अखेर सगळ्यांचा जोर ओसरला. उरला एकच प्रश्न, माणूस कसा आहे?

याची आमच्याकडे एक रीत आहे. रीतसर बघायला जाण्याआधी मुलीकडचं कोणीतरी गुपचूप जाऊन येतं. नाव सांगायचं नाही, ओळख द्यायची नाही. शेजारच्या टपरीवर चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलता बोलता खडा टाकायचा आणि काय कळतं ते घेऊन घरी यायचं. सांगून गेलं की सगळेच गोड वागतात.

अक्का मला म्हणाली, "तूच जाय. स्वातीला बोलू नको. तू हो म्हणलीस तर हो, न्हाई म्हणलीस तर न्हाई. मी बिलकुल मधी पडणार न्हाई."

तिनं मला निवडलं, कारण मला संशय लवकर येतो. नोकरीच तशी आहे. मी एका बियाणं कंपनीत उगवण तपासते. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि कोंब येतो का ते बघायचं. वरून टपोरं, चकचकीत दिसणारं बी आतून पोचट निघालेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की चकचकीत काही दिसलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. आमच्या ह्यांचं बरोबर उलटं. ते निवृत्त शिक्षक. कोणीही काहीही सांगितलं तरी त्यांना खरं वाटतं आणि कोणीही काहीही विचारलं तरी ते खरं सांगतात. असा माणूस गुप्त कामाला सोबत न्यायचा नसतो, पण दुसरा नव्हता. एसटीत बसायच्या आधी मी त्यांना बजावलं, "कोणी विचारलं तर आपण नगरचे. जालना म्हणायचं न्हाई."

"बराबर," हे म्हणाले. "नगरचे."

घाट उतरल्यावर

घाटात ह्यांना मळमळलं, मला नाही. खाली उतरल्यावर मात्र घामानं माझा जीव नकोसा झाला. आमच्याकडचं ऊन करपवून टाकतं, पण सावलीत गेलं की सोडतं. तिकडचं ऊन सावलीत पण पाठीला चिकटून येतं. बाकी प्रदेश हिरवागार. इतक्या पाण्याचा प्रदेश बघून मला आधी कौतुक वाटलं आणि मग थोडा राग आला.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा हे लहान मुलासारखे धावत गेले आणि पहिल्याच लाटेत त्यांची एक चप्पल गेली. उरलेली एक हातात धरून ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "आणून देती का न्हाई?" मला विचारू लागले. समुद्रावरही या माणसाचा विश्वास. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून रबरी स्लिपर घेतल्या आणि आम्ही बेकरीकडे निघालो.

बेकरी

बेकरी वाळूला लागूनच. पुढे एक बाकडं, दारातून समुद्र दिसतो, बाजूला माड. फोटोत फार छान दिसेल असं ठिकाण. तिथूनच माझा संशय सुरू झाला.

भर दुपार होती. शटर अर्धं खाली ओढलेलं. त्या भागात दुपारी दुकानं बंद करून माणसं चक्क झोपतात. आमच्याकडे दुपारी दुकान बंद दिसलं तर लोक विचारतात, कोण गेलं? आम्ही वाकून आत गेलो. काउंटरमागे एक सडपातळ, सावळा मुलगा बरण्या पुसत होता. स्वातीनं अक्काला फोटो दाखवला होता, त्यामुळे मी लगेच ओळखलं. हाच नितीन.

"काय पायजे?" त्यानं वर न बघता विचारलं. या, बसा, काही नाही.

"काय काय हाय?" ह्यांनी विचारलं.

"दुपारचं काय नाय आता. भट्टीतलं तासाभरात निघेल. थांबता का?"

"न्हाई न्हाई," मी म्हणाले. "कशाला तुम्हाला तरास? जे असंल ते द्या."

"बिलकुल," ह्यांनी री ओढली. "जे असंल ते."

"चहा?"

"नको नको, राहू द्या."

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला.

आम्ही बाकड्यावर बसून चहाची वाट बघू लागलो.

चहा आला नाही. आली एक स्टीलची ताटली, तीही त्यानं ठेवली नाही, जवळजवळ सरकवली. त्यात दोन पॅटिस, थोडी खारी आणि क्रीमरोल. पॅटिस मी मोडायला गेले तर मोडेना. आतलं बटाट्याचं सारण आंबूस आणि गार. खारीला सादळल्याचा वास, दाबली की कुरकुरायच्या ऐवजी वाकायची. क्रीमरोलमधलं क्रीम दातांना मेणासारखं चिकटलं. हे बिचारे काही न बोलता चावत होते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जालना स्टेशनाबाहेरच्या गाड्यावरसुद्धा असलं काही देण्याची कोणाची छाती व्हायची नाही.

आणि या सगळ्यात आतून, पडद्यामागून ताज्या पावाचा वास येत होता. गरम, खमंग, यीस्टचा. म्हणजे ताजं आहे आणि ते आत आहे. आम्हाला मात्र हे. कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात तो बाहेर येऊन म्हणाला, "कुठले तुम्ही?"

"जालन्याचे," हे ताबडतोब म्हणाले.

मी बाकड्याखालून ह्यांच्या पायावर पाय दिला. "म्हणजे... तसे नगरचे," ह्यांनी भर घातली. त्यामुळे जे बिघडायचं राहिलं होतं तेही बिघडलं.

त्या मुलानं पहिल्यांदा मान वर केली. आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ. आणि पुन्हा बरण्या पुसायला लागला. गिऱ्हाईक ताटली अर्धी टाकून उठतंय, तर काय झालं, आवडलं नाही का, एवढं तरी माणूस विचारतो. त्यानं सुट्टे पैसे मोजून दिले आणि संपलं.

"साधा वाटतो पोरगा," हे बाहेर आल्यावर म्हणाले.

"साधा? आत ताजं लपवून बाहेर शिळं विकून राह्यला, अन् तुम्ही साधा म्हणता?"

मी ह्यांना माडाखाली उभं केलं आणि बेकरीच्या मागच्या बाजूला नजर ठेवली. थोड्या वेळानं माझा संशय खरा ठरला. मागचं दार उघडलं. गावातल्या बायका, कोळीवाड्यातली माणसं कापडी पिशव्या घेऊन आली आणि हाच मुलगा त्यांना वाफाळते पाव काढून देऊ लागला. हसत होता, कोणाच्या तरी पोराची चौकशी करत होता. म्हणजे तोंड आहे. पुढच्या दाराला एक माणूस आणि मागच्या दाराला दुसरा. अशा घरात आमची स्वाती द्यायची?

पाव घेऊन निघालेल्या एका म्हातारीला मी गाठलं आणि खडा टाकला. "बेकरीवाला बरा आहे का हो?"

"नितीन? सरळ आहे."

"सरळ म्हणजे?"

"सरळ म्हणजे सरळ," म्हातारी म्हणाली. "विचारशील तेवढंच सांगेल." आणि गेली. या उत्तरात कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही एका घरगुती खानावळीत उतरलो होतो. संध्याकाळी जेवण चांगलं होतं, सोलकढी तर फारच. मालकीणबाईंनी विचारलं, "भात घालू?" हे म्हणाले, "नको नको." बाईंनी पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. ह्यांचा हात तसाच ताटावर राहिला. खोलीत गेल्यावर पिशवीतल्या उरलेल्या धपाट्यांवर आम्ही पोट भरलं, आणि मी मनाशी पक्कं केलं. अक्काला सांगायचं, न्हाई.

दुसरी सकाळ

सकाळी मी उठून आवरत होते, तर हे फिरून परत आले. हातात कागदी पुडा. पुड्यातून वाफ येत होती. ह्यांच्या मिशीला लोणी लागलेलं.

"कुठं गेल्तात?"

"बेकरीत. अगं, काय पाव हाय! खाऊन तर बघ."

मी पाव हातात घेतला. मऊ, हलका, खालून खरपूस. तोंडात घातला आणि लगेच दुसरा तुकडा तोडला. मग संशय आला. "तुम्ही सांगितलं ना त्याला? आपण कोण ते?"

"न्हाई गं! आईशप्पथ. मी नुसता दारात उभा राह्यलो. तो म्हणला, आता भट्टीतनं काढलेत, खाता का? काल रात्री भात गेला तेव्हाच मी ठरवलं होतं, इथं कोणी विचारलं की हो म्हणायचं. मी हो म्हणलो. त्यानं दिलं. लोणी लावू का, म्हणला. मी हो म्हणलो. चहा देऊ का..."

"हो म्हणलात."

"हो म्हणलो!"

मी खाटेवर बसले. कालची दुपार माझ्या डोळ्यांपुढून परत गेली. थांबता का? न्हाई न्हाई. चहा? नको नको. त्यानं विचारलं होतं. सगळं विचारलं होतं, एकेकदा.

आमच्याकडे पहिलं नको हे नको नसतं. ती फक्त सुरुवात असते. पाहुणा नको म्हणतो, घरचा माणूस म्हणतो असं कसं, पाहुणा परत नको म्हणतो, आणि तोवर ताट वाढलेलं असतं. जे असेल ते द्या म्हटलं की घरातलं सगळ्यात चांगलं बाहेर येतं. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा हावरा. या मुलाला आम्ही जे असेल ते द्या म्हटलं, आणि त्यानं जे होतं ते दिलं.

पण एका दाण्यावरून मी निकाल देत नाही. मी स्वतः बेकरीत गेले. नितीन पावांवर फडकं घालत होता.

"चहा घेणार?" त्यानं विचारलं.

मला चहा हवा होता. सकाळपासून झाला नव्हता. आणि माझ्या तोंडून शब्द गेला, "नको."

"बरं," तो म्हणाला आणि फडकं घालू लागला.

तो चहा गेला. मी तिथंच उभी राहिले, पण चहासाठी नाही. मला स्वाती दिसली. या घरात, या ओट्यापाशी. हे लोक विचारणार, जेवतेस का? ती नको म्हणणार. आणि हे बरं म्हणून भांडं उचलून ठेवणार. रोज. माझी पोर या माणसाच्या घरात उपाशी राहणार, आणि त्याला कळणारसुद्धा नाही. शिळ्या पॅटिसपेक्षा हे फार वाईट होतं.

मग मात्र मी गुप्तपणा सोडून दिला. "मी स्वातीची मावशी," म्हणाले.

"म्हायती आहे," तो म्हणाला. "काल काका जालन्याचे म्हणाले तेव्हाच कळलं. स्वाती असंच बोलते."

"मंग ओळख का न्हाई दिली?"

"तुम्ही नाय दिलीत. म्हटलं, तुम्हाला द्यायची नसेल."

"अन् ते पॅटिस?"

"ते वाईटच होतं." त्यानं जराही आढेवेढे घेतले नाहीत. "ते आमचं नाय. शहरातून येतं. पर्यटकांना पॅटिसच लागतं. आम्ही फक्त पाव नि बटर करतो. ते गावातल्यांचं आधीच ठरलेलं असतं, उरलं तर बाहेर." थोडा थांबून म्हणाला, "पॅटिस बंद करायला पायजे. स्वातीपण म्हणते."

आता खरा प्रश्न विचारायचा होता. "हे बघा नितीन, तुम्ही एकदाच विचारता. आमची पोरगी पहिल्यांदा नकोच म्हणती. भूक लागली तरी, दुखलं-खुपलं तरी. तिला दोनदा-तीनदा विचारावं लागतं. तुमच्या घरात तिचं कसं व्हायचं?"

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मलापण नकोच म्हणाली होती," तो म्हणाला. "लग्नाचं मी विचारलं तेव्हा."

"मंग?"

"मग काय. मी घरी आलो."

"परत विचारलं न्हाई?"

"नको म्हणाली ना ती." त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. "वाईट वाटलं. पण नको म्हणणाऱ्याच्या मागे किती लागायचं? गणपती झाले, दिवाळी झाली. एक दिवस पाव घ्यायला आली नि इथंच उभी राहिली, तुम्ही आहात तिथं. म्हणाली, परत विचारणार आहेस की नाही? मी म्हटलं, नाय. तर रागावून गेली. दुसऱ्या दिवशी आली आणि तिनंच विचारलं."

"स्वातीनं?"

"हो. मी हो म्हटलं."

मला एकदम रडू आलं, आणि मला ते लपवता आलं नाही. माझ्या घरात इतकी वर्षं राहिली ती पोर. एक पेन्सिल कधी स्वतःहून मागितली नाही. आणि या पाव-बटराच्या दुकानात येऊन, भर काउंटरवर, तिनं आपल्या तोंडानं मागितलं. मला आनंद झाला की हेवा वाटला, ते मी अजून ठरवलेलं नाही.

डोळे पुसून मी म्हटलं, "चहा पाहिजे मला."

"साखर?"

"पाहिजे," मी म्हणाले.

कुंभार पिंपळगाव

तरीही परतीच्या सगळ्या वाटेवर माझा संशय माझ्या सोबत होता. तो म्हणतो ते खरं कशावरून? गोष्ट चांगली रचून सांगणारे मी कमी पाहिलेले नाहीत. स्वातीला फोन करून विचारता आलं असतं, पण फोनवर ती काय म्हणाली असती ते मला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात स्वाती सुट्टी घेऊन आली. मी आणि हे अक्काकडे गेलो. जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसलो. मी जे बघितलं ते सगळं सांगितलं. शिळं पॅटिस, वाकणारी खारी, न आलेला चहा, मागचं दार. काउंटरवरचं बोलणं तेवढं मागे ठेवलं. अक्काचा चेहरा उतरत गेला. स्वाती खाली मान घालून ओढणीचं टोक गुंडाळत होती. हे काहीतरी बोलायला गेले, मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

"मंग?" अक्का म्हणाली. "तुझं काय म्हणणं पडलं?"

"माझं राहू दे. स्वातीला विचारू." मी स्वातीकडे वळले. "स्वाती, करायचं का हे लग्न?"

तिनं वर बघितलं नाही. "तुम्हाला पटत नसंल तर राहू द्या, मावशी," म्हणाली. अगदी लहानपणी भाकरीला म्हणायची त्याच आवाजात.

आमच्या घरात आता सगळ्यांनी मिळून तिला टोचायचं असतं. अगं, मनातलं सांग, लाजू नको, तुझ्या सुखासाठीच करून राह्यलो. अक्कानं तोंड उघडलंही होतं. मी तिचा हात दाबला आणि मोबाईल काढला.

"बरं," मी म्हणाले. "मंग मी नितीनला नको म्हणून कळवते."

निघताना घेतलेला नितीनचा नंबर मी शोधू लागले. ती गप्प राहिली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण स्वाती उठली, माझ्यापर्यंत आली आणि माझ्या हातातला मोबाईल तिनं काढून घेतला. इतक्या वर्षांत तिनं माझ्या हातातून स्वतःहून काही घेतलं नव्हतं.

"न्हाई, मावशी," ती म्हणाली. "मला पाहिजे तो."

अक्काला चांगलं ऐकू येतं. तरी तिनं पदर डोळ्यांना लावून विचारलं, "काय म्हणलीस?"

स्वातीनं परत सांगितलं.